आरोहीची लाडूतुला

आईनं चहा सोडला तो सोमवारी सकाळी सव्वासात वाजता. वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण त्यानंतर आमच्या घरात जे जे झालं ते सगळं त्या सव्वासातपासूनच मोजलं जातं.

कारण होतं आरोहीचं कार्ड. आरोही म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं सहा, वजन पंधरा किलो दोनशे ग्रॅम. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती आणि डॉक्टरांनी वजनाच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल केला होता. तोंडी ते म्हणाले होते, "मूल चपळ आहे, काटक आहे, काळजीचं काही नाही. फक्त खाण्याकडे जरा लक्ष द्या." पण तोंडी बोललेलं हवेत जातं, लाल गोल कागदावर राहतो. आईनं तो गोल पाहिला आणि विचारलं, "किती पायजे हुतं?"

"अठरा असतं तर बरं झालं असतं," मी म्हणालो. मी गावच्या हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. आकडा विचारला की सांगायचा, ही सवय. या सवयीनं माझं आजवर कधीही भलं केलेलं नाही.

आई उठली, चपला न घालता मारुतीच्या देवळात गेली, दहा मिनिटांनी परत आली आणि समोरचा वाफाळता कप तिनं दोन बोटांनी बाजूला सारला.

"पोरगी अठरा किलोची होईस्तोवर चहाला शिवणार न्हाई. आन् झाली की तिच्या भारोभार लाडू वाटीन. बोलून आलेय मी."

माझ्या आईचं नाव छबुबाई. तिला दिवसाला सहा कप लागतात. चहा नसला की दुपारी बारापर्यंत तिचं डोकं दुखतं, तीनला तिला जुन्या गोष्टी आठवायला लागतात, आणि पाचच्या सुमारास ती माझ्या लग्नातल्या मानपानावर येते. पहिल्या दिवशी ती माझ्या सासऱ्यांच्या टोपीपर्यंत पोचली. तिसऱ्या दिवशी धनश्रीच्या चुलत मावशीचं नाव निघालं, तेव्हा धनश्री, म्हणजे माझी बायको, मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "अहो, काहीही करा, पण हिला तीन किलो वाढवा."

तीन किलो. दोन किलो आठशे ग्रॅम, नेमकं सांगायचं तर. मी नेमकं सांगितलं नाही. थोडं शिकलो होतो.

आता आरोहीबद्दल. ही मुलगी चालत नाही. दुकानात पळत जाते, पळत येते, मधे काय आणायला गेलो होतो ते विसरते आणि पुन्हा पळत जाते. झोपेतही तिचे पाय चालू असतात. मग हे सगळं चालवायला इंधन लागत असेल, असं कुणालाही वाटेल. पण इंधनाबाबत तिचे नियम आहेत. भात चालतो, पण त्याला वरण लागलेलं चालत नाही. वरण चालतं, पण ते पिवळं असता कामा नये. भाकरीचा पापुद्रा काढून द्यावा लागतो, आणि पापुद्रा काढला की ती भाकरी राहत नाही असं तिचं म्हणणं असतं. दूध चालतं, पण एकदा साय दिसली की पुढचे तीन दिवस म्हैससुद्धा चालत नाही.

धनश्रीनं मोबाईलवर व्हिडिओ बघायला घेतले. त्या व्हिडिओत एक हसतमुख बाई असते, तिचं एक हसतमुख मूल असतं आणि ते मूल पालक खातं. मला ते मूल भाड्याचं वाटतं. पण धनश्री जिद्दीची. तिनं बीट किसून गुलाबी धपाटे केले आणि वाटीच्या काठानं कापून त्यांना फुलपाखराचा आकार दिला. आरोहीनं ताटाकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले, आणि "ह्याचं पंख कसं खाऊ?" म्हणून तिनं दोन्ही फुलपाखरं खिडकीतून सोडून दिली. खाली शेळी बांधलेली होती. त्या आठवड्यात आमची शेळी फार सुधारली.

मग अंडं कुस्करून थालीपिठात लपवलं. आरोहीनं एक तुकडा मोडला, नाकाजवळ नेला आणि "ह्यात कोणतरी हाय," असं म्हणून ताट सरकवलं. खजूर, शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या लाडवाला तिनं बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "हा कशाला केलाय?" सहा वर्षांच्या मुलीला उत्तर देता येणार नाही असे प्रश्न कमी नसतात, पण हा प्रश्न विचारताना तिचा चेहरा मोठ्या साहेबासारखा होता. मी गडबडून गेलो आणि तो लाडू मीच खाल्ला.

शेजारच्या ताराबाईंनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. त्यांचा सल्ला शहाणपणाचा होता, हे आधीच कबूल करतो. "परमेश्वर," त्या मला म्हणाल्या, कारण माझं नाव परमेश्वर, "लेकरावर जोर करू नको. दोन-दोन तासानं मूठभर देत जा. लेकराचं पोटच तेवढं असतंय." बोलून त्या गेल्या. मूठ कुणाची, हे सांगायचं राहिलं. आईच्या मते मूठ घरातल्या कर्त्या बाईची. धनश्रीच्या मते मुलाची. यावर दोन दिवस चर्चा झाली आणि त्या दोन दिवसांत आरोहीनं मुळीच काही खाल्लं नाही, कारण तिला कुणी वाढलंच नाही.

आणि मग सटवा आला. सटवा मेंढ्या राखतो. दर उन्हाळ्यात त्याचा कळप आमच्या मळ्यात महिनाभर बसतो. जनावर पोसण्यातलं त्याला कळतं आणि माणूस हे त्याच्या लेखी दोन पायांवर असल्यामुळे जरा बिघडलेलं जनावर.

"मास्तर," तो म्हणाला. गाव मला मास्तर म्हणतं, आणि खरे मास्तर मला "अरे, बीकर आण" म्हणतात. "कोकराच्या म्होरं चारा टाकला की त्ये तोंड वळवतंय. पर शेजारच्या कोकराच्या म्होरचा वढून खातंय. तुमी तिला देऊच नगा. तिच्या म्होरं बसून तुमी खावा. लई चवीनं खावा. मग बघा."

शास्त्रीय दृष्ट्या मला यात तथ्य वाटलं. मी आरोहीसमोर बसून खायला लागलो. सकाळी शेंगदाण्याची चटणी आणि लोणी लावून भाकरी, मधल्या वेळेला लाडू, दुपारी तुपातली खिचडी, चारला उकडलेलं रताळं दुधात कालवून. प्रत्येक घासाला "अहाहा" म्हणायचं असं धनश्रीनं बजावलं होतं. आरोही पहिल्या दिवशी लक्ष देऊन बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रिणींना बोलावून आणलं. तिसऱ्या दिवसापासून ती बघेनाशी झाली, पण मी थांबू शकत नव्हतो, कारण कोकरू कोणत्या क्षणी ओढेल हे सटवानं सांगितलं नव्हतं.

दोन आठवड्यांत आमच्या घरात चार किलो वजन वाढलं. सगळं माझं. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काय परमेश्वर, प्रमोशन झालं का?" आई मात्र मारुतीवर नाराज नव्हती. "त्यानं ऐकलंय," ती म्हणाली. "पत्ता चुकला."

रोज वजन करणं सुरूच होतं. शाळेच्या काट्यावर आरोही पंधरा दोनशे भरे. अंगणवाडीच्या टांगत्या काट्यावर चौदा नऊशे. सटवाच्या कोकरं तोलायच्या काट्यावर सोळा शंभर. आईनं ताबडतोब सटवाचा आकडा खरा मानला. मी विचारलं, "सटवा, तुझा काटा एवढा जास्त कसा दाखवतो?"

"मास्तर, व्यापारी त्येचा काटा आणतोय, मी माजा दाखवतो. मधी कुठंतरी मिटतंय."

एवढ्यावर हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण आई बाजारात बसून नवसाबद्दल बोलली, आणि बाजारात बोललेलं संध्याकाळपर्यंत विजयसिंहदादांकडे जातं. दादांची तीनशे एकर जमीन, दोन वेळा जिल्हा परिषद, आणि निवडणूक पुन्हा जवळ आलेली. त्यांची स्वतःची आजवर पेढेतुला, वहीतुला आणि एकदा केळीतुला झालेली आहे. पारड्यात बसायचं म्हटलं की त्यांना बाकीचं काही दिसत नाही. गाडी आमच्या दारात थांबली.

"परमेश्वर, लेकीची तुला हाय म्हणं. काहून बोलला न्हाईस?"

"दादा, अजून ती अठरा किलोची झाली नाही."

"हुईल की. तेरा दिस हायत अजून. हनुमान जयंतीला उरकून टाकू."

जणू तीन किलो म्हणजे अर्धवट राहिलेला रस्ता. चार दिवसांनी माझ्या मेहुण्याचा मांजरसुंब्यावरून फोन आला. तो बसमधून उतरला होता आणि चौकातल्या बॅनरकडे बघत उभा होता. 'कु. आरोही हिची भव्य लाडूतुला, १८ किलो.' बॅनरवर दादांचा फोटो दाराएवढा होता आणि आरोहीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यातही तो हललेला होता, कारण ती पळत होती. "दाजी," मेहुणा म्हणाला, "पोरगी लई बारीक दिसती हो."

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. आईचा चहा सुटून महिना होत आला होता. शेजारी चहा उकळायला लागला की ती उठून आतल्या खोलीत जायची. त्या जाण्याकडे बघवत नव्हतं. हनुमान जयंतीला तुला झाली नाही तर तिनं काय सोडलं असतं, कुणास ठाऊक. पाणी तेवढं उरलं होतं.

मोठा तराजू लागणार होता. गावात माणूस बसेल असा एकच जुना तराजू आहे, तो सोसायटीच्या गोदामात. गोदाम बंकट बघतो. बंकट माझा वर्गमित्र, पण खुर्चीवर बसला की तो कुणाचाही वर्गमित्र नसतो. त्यानं छापील अर्ज काढला.

"माल काय?"

"माल नाही बे. मुलगी आहे."

"मुलगी हा रकाना न्हाई. तूर हाय, हरभरा हाय, सोयाबीन हाय, इतर हाय."

"इतर लिही."

"इतरला मूठभर नमुना जोडावा लागतोय."

आरोही तोवर गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीवर चौथ्या मजल्यापर्यंत पोचली होती. बंकटनं तिकडे पाहिलं आणि नमुन्यापुढे 'प्रत्यक्ष पाहिला' असं लिहिलं.

"आर्द्रता किती?"

मी आरोहीकडे पाहिलं. तिचं नाक वाहत होतं. "लिही तेरा टक्के."

"बाराच्या वर गेली की माल परत करावा लागतोय, सांगून ठेवतो."

"मग अकरा लिही."

अर्जावर चेअरमनची सही लागत होती. चेअरमन म्हणजे विजयसिंहदादाच. त्यांच्याच कार्यक्रमासाठी त्यांची सही मिळायला पाच दिवस लागले, कारण ते त्याच कार्यक्रमाचं निमंत्रण वाटत फिरत होते. लिंबागणेशला गेलो तर ते नारायणगडाला गेलेले, नारायणगडाला पोचलो तर जेवून निघालेले. तिथं मला प्रसादाचं ताट वाढलं. मी खाल्लं. माझं काय, मी खातच होतो.

आदल्या दिवशी आमच्या अंगणात अठरा किलो लाडू वळले गेले. बाजरीचं पीठ, तीळ, शेंगदाणे, गूळ आणि वर तूप. गल्लीतल्या बायका वळत होत्या, आरोही त्यांच्या मधून पळत होती आणि एकाही लाडवाकडे तिनं पाहिलं नाही. त्या दिवशी सकाळी शाळेच्या काट्यावर ती पंधरा चारशे होती. महिनाभरात दोनशे ग्रॅम. त्यातले पन्नासएक ग्रॅम तरी नखांची माती असणार.

"आई," मी म्हणालो, "अठरा होत नाहीत. आपण सांगून टाकू."

"देवाला फसवायचं न्हाई," आई म्हणाली. हातातला लाडू ढिगावर ठेवला. "काट्याचं मी बोलले न्हाई."

आणि हनुमान जयंतीच्या दिवशी, चैत्राच्या उन्हात, तिनं आरोहीला दोन स्वेटर घातले, पायात माझे बूट घातले आणि परकराच्या ओच्यात पाटा-वरवंट्यातला वरवंटा बांधला. देवळासमोर लिंबाच्या फांदीला तराजू टांगलेला. एका पारड्यात अठरा किलो लाडवांचा ढीग, दुसरं रिकामं पारडं दोघांनी खाली दाबून धरलेलं. पाचसहाशे माणसं. माईकवर दादा बोलत होते. पोषण, लेकी, आणि स्वतः, या क्रमानं सुरू झालेलं भाषण लवकरच क्रम सोडून गेलं. भाषण बावीस मिनिटं चाललं. तेवढ्या वेळात आरोहीनं स्वेटर काढले, बूट भिरकावले, वरवंटा सोडून देवळाच्या पायरीवर ठेवला, आणि नाव पुकारल्यावर पळत येऊन पारड्यात उडी मारली.

दोघांनी हात सोडले, तरी लाडूंचं पारडं होतं तिथंच बसलं. आरोही वर गेली आणि वरच राहिली.

माईक बंद झाला. पाचसहाशे माणसं वर बघत होती. दादांचा फोटोवाला खाली बसून कोन शोधत होता, ज्यात दोन्ही पारडी सारखी दिसतील. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं. त्या एका महिन्यात ती किती वाळली, हे मला तेव्हा दिसलं. सगळ्या घराचं लक्ष आरोहीच्याच वजनाकडे होतं.

आरोहीला मात्र वर आवडलं. तिनं चारीकडं पाहिलं, मैत्रिणींना हात केला. मग मैत्रिणी पळायला लागल्या, आणि हिला पळता येईना.

"पप्पा, मला खाली घ्या."

उचलून घेतलं असतं तर तुला मोडली असती आणि आईही. मी दमलो होतो. महिनाभर एकच वाक्य बोलत होतो, तेच तोंडातून निघालं. "लाडू खा, मग येशील खाली. वजन लागतं."

आणि तिला ते पटलं. 'ताकद येते', 'उंची वाढते', 'डॉक्टर सांगतात' यातलं एकही जिला कधी पटलं नाही, तिला हे पटलं, कारण हे समोर दिसत होतं. तिनं हात पुढे केला. आईनं ढिगातला एक लाडू दिला. आरोहीनं एक घास घेतला आणि खाली बघितलं.

शास्त्राप्रमाणे काहीही व्हायला नको होतं. दहा ग्रॅमनं अडीच किलोचा फरक भरत नाही, हे मी लेखी देऊ शकतो. पण पलीकडे सटवा उभा होता. त्यानं कुणाला कळणार नाही असा गुडघा लाडूंच्या पारड्याखाली लावला आणि पारडं चार बोटं उचललं. आरोही चार बोटं खाली आली.

तिचे डोळे विस्फारले. तिनं चावणं थांबवलं. सटवानं गुडघा काढला. ती वर गेली. तिनं घाईघाईनं दुसरा घास घेतला. गुडघा. खाली. पुढची पंधरा मिनिटं एक मेंढपाळ एका पायावर उभा राहून बाजरीचा लाडू चारत होता, आणि अख्खं गाव गप्प उभं राहून दुसरीकडे बघितल्याचं सोंग करत होतं. तिकडे बायका ढिगातले लाडू हळूच काढून पोरांच्या हातात देत होत्या. आरोहीनं एक लाडू संपवला. दुसरा मागितला. तिसरा संपताना दोन्ही पारडी खरोखरीच एका रेषेत आली आणि सटवा मांडी चोळत खाली बसला.

"अठरा किलो!" माईकवरून दादा ओरडले. पेढेतुलेतही ते असंच एका आकड्यावर ओरडतात, असं म्हणतात.

आईनं मारुतीकडे तोंड केलं. तिचं बोलणं मला ऐकू आलं. "तीन किलो म्हनले हुते. तू तीन लाडू दिलेस. चालंल. माजी काय तक्रार न्हाई." मग ती मंडपाच्या मागं, आचाऱ्याच्या शेगडीकडे गेली आणि स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन तिथंच जमिनीवर बसली. तिनं तीन पेले घेतले. तिसऱ्या पेल्याला ती रडली, आणि मग आचाऱ्याला म्हणाली, "साखर लई टाकलीस."

तराजू परत करताना बंकटनं 'घट' या रकान्यात 'अडीच किलो' लिहिलं आणि माझी सही घेतली. मी केली. भांडायला अंगात जोर नव्हता, नुसतं वजन होतं.

सगळं संपलं असं वाटून मी त्या रात्री लवकर झोपलो. सकाळी धनश्रीनं ताट वाढलं. धपाटा, दही, लाडू. आरोही ताटासमोर बसली, तिनं मान वर करून छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्याच्यानं मी खाली कुठून येऊ?"

आता रोज सकाळी साडेसहाला आम्ही शाळेच्या मैदानावर असतो. तिथं एक लोखंडी सी-सॉ आहे. एका टोकाला आरोही, हातात डबा. दुसऱ्या टोकाला मी. तिनं घास घेतला की मी पाय ताठ करून उठतो, म्हणजे ती खाली येते. चावून झालं की मी बसतो, म्हणजे ती वर जाते. एका धपाट्याला साधारण तीस बैठका होतात, लाडवाला चाळीस. फिरायला आलेले लोक थांबून बघतात. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "परमेश्वर, हे काय चाललंय?" मी म्हणालो, "नाश्ता." ते पुढे गेले.

कधी कधी माझ्या मांड्या कापायला लागतात आणि मी अर्ध्यावरच थांबतो. सी-सॉ मधेच अडकतो, दोघंही हवेत. मग ती डब्यातून मान वर करून विचारते, "पप्पा, दमलात का?"

मी नाही म्हणतो. तिच्या तोंडात घास असतो.